आडवा कार्नेट

रॅगटाइम हा शब्द मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. पण त्याचा एक लांबचा भाऊबंद त्याआधी पन्नास वर्षं आमच्या अंगणात नांदत होता. आम्ही त्याला 'आडवं वाजवणं' म्हणायचो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून दोन-तीन कोसांवर. आम्ही होलार. पिढ्यान्‌पिढ्या गावाचे वाजंत्री. लग्न असो की देवाची पालखी, सनई, सूर आणि डफ घेऊन आमच्या माणसांनी पुढं व्हायचं. आमच्यावाचून नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडं हलत नसे. अक्षता पडल्या की मात्र आम्ही मागं. पहिली पंगत पाव्हण्यांची, मग भावकीची, मग गावची, मग बायाबापड्यांची. वाजवणाऱ्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, दिवेलागणीला, गोठ्याच्या कडेला. तीही ज्यानं त्यानं घरनं आणलेल्या थाळीत.

आण्णांचे चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धाच्या वक्ताला फौजेत भरती झाले. बेळगावला पलटणीच्या बँडमध्ये त्यांची नेमणूक झाली. परत आले ते तीन गोष्टी घेऊन. एक मेरठचा जुना कार्नेट, एक पाच-पाच रेघा मारलेली वही आणि रोज पहाटे बूट पुसायची सवय. बूट पुढं फाटले, तरी तात्या पहाटे उठून नुसते बसायचे.

तात्यांनी भावकीतली नऊ माणसं जमवून बँड उभा केला. एक ढोल, एक साईड ड्रम, झांजा, दोन क्लारनेट, दोन कार्नेट, एक युफोनियम आणि एक खुळखुळेवाला. सांगलीच्या बाजारातनं जुने लाल कोट आणले. कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत, कुणाच्या बोटांच्या खाली. आण्णा तेव्हा अठरा-वीस वर्षांचे. सनई सोडून त्यांनी कार्नेट धरला. तात्यांच्या वहीतले ते रेघांवरचे काळे ठिपके आण्णांना कधी वाचता आले नाहीत. ते म्हणायचे, "तात्या कागद बघून वाजवत्यात, मी तात्याकडं बघून वाजीवतो." तात्या गेल्यावर ती वही माळवदाच्या सांदीत राहिली आणि एका पावसाळ्यात तिला वाळवी लागली. आईनं ती चुलीत घातली. त्या वहीत काय काय होतं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

वही गेली आणि चाली बसवायचं काम आण्णांच्या कानावर आलं.

पौषात पालीच्या खंडोबाची जत्रा भरते. खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला सातारा-सांगलीकडची माणसं लोटतात. तिथं तंबूतले सिनेमे यायचे. एका जत्रेत 'आशा' नावाचा सिनेमा आलेला. तो १९५७ सालचा, सी. रामचंद्रांच्या संगीताचा. तिकिटाला पैसे कुठले? पण तंबू कापडाचा. आवाजाला तिकीट नव्हतं. आण्णा तीन रात्री तंबूच्या मागच्या बाजूला, दोरखंडाच्या खुंटीवर बसून राहिले. सिनेमात काय घडतंय ते त्यांनी कधीच बघितलं नाही. 'इना मिना डिका' तेवढं ऐकलं. चौथ्या दिवशी ट्रकच्या हौद्यात बसून परत येताना त्यांनी ते आख्खं गाणं तोंडानं वाजवून दाखवलं. ढोलकऱ्यानं विचारलं, "ह्येचा अर्थ काय रं?" आण्णा म्हणाले, "अर्थ नसंना. पाय हालतोय नव्हं?"

ते गाणं बसवायला पंधरा दिवस लागले. मुंबईच्या स्टुडिओत मोठा ताफा, इथं नऊ माणसं. त्यातले चार ढोल, ड्रम, झांजा आणि खुळखुळ्याचे. ओढ्याकाठच्या बाभळीखाली तालीम चालायची. मी पाच-सहा वर्षांचा झालो तेव्हाही त्याच बाभळीखाली नवी गाणी बसत होती, त्यामुळं आण्णांची रीत मला पाठ आहे. आधी ढोल. ढोलकऱ्याला ते म्हणायचे, "तू बैलावानी सरळ चाल. हिकडं तिकडं बगू नगंस." मग युफोनियमवाला. त्यानं ढोलाच्या दोन ठोक्यांमध्ये 'पॅं' भरायचा. ढोलाचा 'धम्', युफोनियमचा 'पॅं', धम्-पॅं, धम्-पॅं. ही चौकट बसली की मग क्लारनेट आणि कार्नेट. त्यांनी ठोक्यावर यायचं नाही. ठोका पडायच्या जरा आधी सूर उचलायचा, नाहीतर ठोका पडून गेल्यावर निवांत टाकायचा.

"ढोल सरळ, कार्नेट आडवा," आण्णा सांगायचे. "दोगंबी सरळ ग्येली तर कवायत हुती. दोगंबी आडवी ग्येली तर भांडान हुतं. येकानं सरळ जायाचं आन् येकानं आडवं, मंग मानसाचा पाय उचालतोय."

दुसरी गोष्ट दमाची. पेटीवाल्याला श्वास घ्यायला थांबावं लागत नाही, त्याचा भाता हातात असतो. फुंकणाऱ्याचा भाता छातीत. त्यात वाजवायचं ते चालत चालत. म्हणून आण्णा प्रत्येक ओळ तोडून वाटून द्यायचे. कार्नेटनं एवढा तुकडा घ्यायचा, त्याचा दम सरायच्या आत क्लारनेटनं तोंड घालायचं, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. याला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे, "होलाराचं पोर बरं वाजीवतंय." वाजवण्याच्या आधी त्यानं काय जुळवलंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे धावायचं नाही. वरातीतली पोरं ओरडायची, "हाण की रं, जोरात हाण!" बक्षिसाची नोट नाचवायची. आण्णा चाल वाढवत नसत. म्हणायचे, "घोड्यावर नवरा हाय, मागं म्हातारी मानसं हायती. गानं त्यास्नी बी चालाया पायजे."

मी आठ वर्षांचा झालो तसे माझ्या हातात खुळखुळे आले. गॅसबत्त्या डोक्यावर घेतलेल्या बाया दोन्ही बाजूंनी, मध्ये आम्ही. सुपारी लांबची असली की रात्री वरात, पहाटे ट्रक, सकाळी शाळा. वर्गात मला झोप यायची. गुरुजी विचारायचे, "रात्री कुठं होतास?" पोरं हसायची, कारण त्यांतली निम्मी रात्री माझ्यापुढं नाचलेली असायची.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागात ज्यानं बघितला त्याला सांगायला नको. विहिरी आटल्या, लग्नं थांबली. ज्याच्या दारात ज्वारी नाही तो वऱ्हाड कशाला बोलावतो? सुपाऱ्या बंद झाल्या आणि आण्णा-आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मिळणारी सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढले. हातोड्यानं आण्णांच्या उजव्या हाताचं मधलं बोट चेचलं. कार्नेटला तीन खटके असतात, मधला खटका त्याच बोटाचा. ते बोट पुढं कधी सरळ झालं नाही. आण्णांनी ते बोट वाकडंच ठेवून वाजवायची सवय केली.

१९७३ च्या जूनमध्ये मी मॅट्रिक होऊन साताऱ्याला कॉलेजात गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना नसती तर माझ्यासारख्यानं साताऱ्याचं तोंड बघितलं नसतं. सकाळी दोन तास बागेत काम, मग वर्ग. पण जायला एसटीचं भाडं, ट्रंक, दोन कपडे, वह्या लागणारच होत्या. आण्णांनी कार्नेट गहाण ठेवला. मला ते कळलं, पण आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नाही.

साताऱ्यात माझी ओळख नवी झाली. कुणी विचारलं वडील काय करतात, तर मी सांगायचो, "शेती." आम्हाला वीतभर रान नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत, एका संध्याकाळी आम्ही चार-पाच जण मोती चौकात चहाला गेलो होतो. राजपथावरून वरात येत होती. लांबूनच मला ढोल कळला. आपल्या घरच्या बैलाच्या घुंगरांचा आवाज कळतो, तसा. मग कार्नेट वाजला. 'इना मिना डिका'. माझे मित्र टेबलावर ताल धरायला लागले. एक जण उठून रस्त्यात नाचायला गेला. वरात आमच्यासमोर आली तेव्हा बत्तीच्या उजेडात आण्णा दिसले. लाल कोट, गाल फुगलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. हातात भाड्यानं आणलेला कुणाचातरी कार्नेट. आमचा अजून सावकाराकडंच होता.

त्यांनी मला बघितलं. मीही त्यांना बघितलं.

माझा मित्र म्हणाला, "काय वाजवतोय रे हा बँडवाला! बघ तर."

मी म्हणालो, "असतात असले."

आणि मी हॉटेलच्या खांबाआड सरकलो. आण्णांनी कार्नेटचं तोंड रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला वळवलं. सूर तुटला नाही, ठोका चुकला नाही. क्लारनेटनं तोंड घातलं, त्या मोकळ्या क्षणात त्यांनी बाहीनं ओठ पुसले आणि वरात पुढं गेली.

पंधरा दिवसांनी मनीऑर्डर आली. कुपनावर पोस्टातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन ओळी होत्या. 'अभ्यास कर. कार्नेट सोडवला.' त्याच वरातीच्या पैशातून सोडवला होता, हे मला नंतर आईकडून कळलं. त्या संध्याकाळविषयी आण्णा आयुष्यात एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, रागावले असते, तर मला सोपं गेलं असतं.

पुढं मी शिक्षक झालो, सांगलीत घर केलं. बँडचे दिवस गेले. आधी बँजो पार्ट्या आल्या, मग डॉल्बी. एका ट्रॅक्टरवर भिंतीएवढी खोकी, एक पोरगा बटणं दाबणार. नऊ घरांची चूल त्या एका बटणानं विझली. तोवर आण्णांचे पुढचे दात पडले होते. कार्नेटवाल्याचे दात गेले की सगळं गेलं, कारण ओठाला टेकायला मागं काही उरत नाही. त्यांनी कार्नेट चिंध्यांत गुंडाळून पेटीत ठेवला आणि माझ्याकडं राहायला आले.

२०१२ साली माझी मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. ती फोनवर काहीतरी ऐकत होती. आण्णा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. तिनं कानातली वायर काढली आणि आवाज खोलीत पसरला. अमेरिकेतल्या कुठल्याशा शाळेचा बँड होता, चाळीस-पन्नास मुलं खुर्च्यांवर बसून वाजवत होती. धम्-पॅं, धम्-पॅं, आणि त्यावर क्लारनेट आणि कार्नेट आडवे. माझ्या हातातला पेपर खाली आला. आण्णांनी कूस बदलली.

"कोन वाजवतंय गं?"

"अमेरिकेतली मुलं, आजोबा. मेपल लीफ रॅग आहे हे."

"ढोल सरळ हाय," आण्णा म्हणाले. "आन् कार्नेट आडवा."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा मी बघितलं, तर घोंगडीवर त्यांची तीन बोटं हलत होती. मधलं वाकडं बोटही.

मग मी ते काय आहे ते शोधायला लागलो. 'मेपल लीफ रॅग' १८९९ साली छापला गेला. रचणारा स्कॉट जॉप्लिन. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मलेले. मिझुरी राज्यातल्या सेडालिया नावाच्या रेल्वेच्या गावात तो पियानो वाजवायचा, आणि हे वाचून मी चष्मा काढून पुन्हा पुसला, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बँडमध्ये तो कार्नेटही वाजवायचा. मूळ रचना पियानोची. डावा हात सरळ, खाली एक सूर, वर एक झटका. उजवा हात ठोक्यांच्या मधून आडवा. बँडसाठी ती बसवताना डावा हात मोठ्या बाजांना आणि ढोलाला देतात, उजवा हात क्लारनेट-कार्नेटला, आणि पियानोला न लागणाऱ्या श्वासासाठी ओळी तोडून वाटून द्याव्या लागतात. बाभळीखाली जे चालायचं तेच. जॉन फिलिप सूसा या नामांकित बँडमास्तरानं १९०० साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात आपल्या बँडकडून रॅगटाइम वाजवून घेतलं आणि युरोप त्यावर डोलला. जॉप्लिन मात्र आपल्या रचनांच्या कागदांवर छापून घ्यायचा, की हे भरभर वाजवू नका.

मग मला पुढची साखळीही लागत गेली. रॅगटाइमच्या पोटी जॅझ आला. १९३५ च्या सुमाराला लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय वादक आपले ताफे घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामुळं जॅझची हवा मुंबईत पसरली. चर्चच्या शाळांत पाच रेघांची लिपी शिकून आलेले गोव्याचे वादक, चिक चॉकलेटसारखे, त्यात मुरले आणि तेच सिनेमाच्या स्टुडिओत सी. रामचंद्रांसारख्यांच्या ताफ्यात वाजवू लागले. तिथून ते सूर पालीच्या जत्रेतल्या कापडी तंबूत आले आणि तंबूमागं खुंटीवर बसलेल्या माझ्या बापाच्या कानात गेले. आडवं वाजवणं आण्णांच्या हातात आधीपासून होतंच, हलगी आणि डफाच्या संगतीत वाढलेल्या माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर त्या सूरांना घरी आल्यासारखं वाटलं असेल.

हे सगळं मी आण्णांना जमेल तसं सांगितलं. कार्नेट, सेडालिया, सूसा, ताजमहाल हॉटेल. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग त्यांनी विचारलं,

"त्या लोकास्नी जेवाय कवा वाढायचे?"

"कुणाला?"

"त्या काळ्या लोकास्नी. वाजवून झाल्यावर. आदी वाढायचे का मागनं?"

मला उत्तर देता आलं नाही. अमेरिकेत काय होत होतं ते ढोबळ मला माहीत होतं. मागचं दार वेगळं, बसायची जागा वेगळी. पण ऐंशी वर्षांच्या माणसानं सातासमुद्रापलीकडच्या वादकाविषयी पहिला प्रश्न हा विचारावा, याला मी तयार नव्हतो.

काही दिवसांनी वाचताना मला एक गोष्ट सापडली. १९०३ साली जॉप्लिननं एक संगीत नाटक, त्यांच्याकडचा ऑपेरा, रचला होता. नाव 'अ गेस्ट ऑफ ऑनर', म्हणजे मानाचा पाहुणा. गुलामीत जन्मून मोठे शिक्षक झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांना १९०१ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं होतं. एक कृष्णवर्णीय माणूस अध्यक्षाच्या पंगतीला बसला म्हणून तिकडं मोठा गहजब झाला. त्या जेवणावरच हा ऑपेरा होता, असं मानतात. त्याची संहिता आज कुठंच सापडत नाही. तात्यांच्या वहीसारखी तीही गेली.

मी आण्णांना ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी त्येलाबी त्येच लागलं हुतं."

२०१४ साली मुलीचं लग्न झालं. व्याह्यांकडची तरुण पोरं डॉल्बीसाठी अडून बसली होती. मी सांगितलं, बँड लागेल. तासगाव भागातला एक बँड अजून तग धरून होता, त्यांना इसार दिला. आणि दुसरी गोष्ट सांगितली, पहिली पंगत बँडवाल्यांची. भाऊबंदांत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "मास्तर, पाव्हणं काय म्हणतील?" मी म्हणालो, "पाव्हण्यांना दुसऱ्या पंगतीत जेवण तेच आहे."

मांडवात नऊ-दहा लाल कोट ओळीनं बसले. त्यांच्यातला म्हातारा क्लारनेटवाला सारखा मागं वळून बघत होता. मी आण्णांना हाताला धरून आणलं आणि त्यांच्या शेजारी बसा म्हणालो. आण्णा बसेनात. "आदी लोकांचं हुंद्या," म्हणाले. मी म्हणालो, "आण्णा, हीच लोकं." तरी ते खांबाला धरून उभेच. मग मुलगी, डोक्याला मुंडावळ्या तशाच, उठून आली आणि म्हणाली, "आजोबा, बसा की. मला वाढायचंय."

ते बसले. पान वाढून झालं, तरी हात मांडीवर ठेवून मांडवाच्या दाराकडं बघत राहिले. सत्तर वर्षांची सवय. कुणीतरी येईल आणि उठा म्हणेल, अशी.

कुणी आलं नाही. मग त्यांनी हात पानाला लावला. मी वाढपी होतो. भाताची परात घेऊन त्यांच्यापुढं वाकलो तेव्हा मला राजपथावरची ती संध्याकाळ आठवली, हॉटेलचा खांब, आणि पलीकडं वळवलेलं कार्नेटचं तोंड. मला तेव्हा बोलायचं होतं. पण पंगत बसलेली होती.

"आजून भात?" मी विचारलं.

आण्णांनी वर बघितलं. "वाड," म्हणाले. "घाई नगं करूस."